पितांबरची न भिजवलेली नाव

मी लोखंडाचा माणूस, हे आधीच सांगून टाकतो. तेवीस वर्षं सरकारी आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवलं. लाकडाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. लाकूड ऊन लागलं की आकसतं, पाणी लागलं की फुगतं, वाळवी लागली की आतून पोकळ होतं आणि वरून मात्र साळसूदपणे तसंच दिसत राहतं. असल्या वस्तूवर भरवसा ठेवून आयुष्य काढणारा माणूस माझा जिवलग मित्र कसा झाला, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

पितांबर भोई त्याचं नाव. आमचं गाव शहाद्याहून एसटीने अर्ध्या तासावर, तापीच्या काठी. वर केळी आणि ऊस, खाली नदी. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर चिंचेखाली पितांबरचा नावा बांधायचा मांडव. बासष्ट वर्षांचा, काटकुळा, बोलायला कमी आणि हट्टाला भारी. कुठेही गेला की बोटाच्या पेराने लाकूड ठोकून बघायची त्याला सवय. माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेवाकडची मंडळी नमस्काराला वाकली, तेव्हा हा त्यांच्या मागचा दरवाजा ठोकत उभा होता. "दार सागनं नही शे," असं त्याने माझ्या कानात सांगितलं, जणू स्थळच चुकलं.

आमचं भांडण चाळीस वर्षांचं. मी म्हणायचो, पत्र्याची नाव बांध. आपटली तर पोचा येईल, फुटणार नाही.

"हेमकांत, तुन्हं लोखंड बुडस," तो म्हणायचा. "मन्हं लाकूड पानीवर ऱ्हास."

हे खरं होतं, म्हणून मला राग यायचा. लाकडी नाव पाण्याने काठोकाठ भरली तरी तरंगते, माणूस तिला धरून राहतो. पत्र्याची नाव भरली की गेली. त्यात हवाबंद पेट्या बसवता येतात, असं मी सांगायचो. पितांबर ऐकायचा आणि रंधा मारत राहायचा.

त्याच्या कामात एक रीत होती, त्याच्या बापाची आणि आज्याची. नवी नाव तयार झाली की दगड भरून नऊ दिवस नदीत बुडवून ठेवायची. फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना घट्ट दाबतात, आणि सांध्यात ठोकलेली कापसाची वात मग हलत नाही. दहाव्या दिवशी नाव बाहेर काढायची, गजराबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, हळदकुंकू लावायचं आणि मगच मालकाच्या हाती द्यायची. न भिजवलेली नाव द्यायची म्हणजे पितांबरच्या लेखी न न्हालेली नवरी बोहल्यावर चढवण्यासारखं.

याच रीतीने त्याचा घात केला.

झालं असं की, चार वर्षांपूर्वी गावातला मासेमारी करणारा ईश्वर त्याच्याकडे आला. ईश्वरने तापीवरच्या बॅरेजच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या, पाण्यावर फायबरच्या नावा पाहिल्या होत्या. हलक्या, गुळगुळीत, दरवर्षी डांबर फासायची कटकट नाही. पण नुसतं फायबर दगडावर आपटलं की तडकतं, हेही त्याने पाहिलं होतं. म्हणून त्याने मधला मार्ग काढला. आत लाकूड, वरून फायबरचं कातडं. लाकडाने बळ द्यायचं, फायबरने पाणी अडवायचं. कल्पना चांगली होती. मी लोखंडाचा माणूस असूनही म्हणतो, चांगली होती.

पितांबरने सुरेख नाव बांधली. मग नेहमीप्रमाणे नऊ दिवस नदीत बुडवली, बाहेर काढली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि वरून हाताला कोरडी लागली म्हणून तिच्यावर फायबरचं कापड अंथरून वाळल्यावर कडक होणारं रेझिन चोपडलं. आतून आणि बाहेरून. लाकडाच्या पोटातलं पाणी पोटातच राहिलं.

दुसऱ्या वर्षी श्रावणात भर नदीत ते कातडं एका बाजूने सुटलं. आतलं लाकूड कुजून हाताने उकरता येईल इतकं मऊ झालं होतं. नाव दोन भागांत उघडली. ईश्वर अर्धा कोस पोहत काठाला लागला. जाळी गेली, नाव गेली, जीव राहिला. पितांबर त्याच्या घरी गेला आणि दारातच म्हणाला, "तुन्हा जीव जाता जाता ऱ्हायना, मन्हामुळे." ईश्वर भांडला नाही. पाणी दिलं, बस म्हणाला. पण त्या दिवसापासून नदीवर जायची वाट त्याने बदलली. मांडवासमोरून जाईनासा झाला.

पितांबरला चूक कुठे झाली ते महिनाभर उमगलं नाही. रेझिन भेसळीचं होतं, कापड पातळ होतं, असं तो म्हणत राहिला. शेवटी गजराबाईच वैतागली. ती कापूस वेचत म्हातारी झालेली बाई. म्हणाली, "वल्ला कापूस गाठोडामा बांधीसन ठेवा तं काय व्हस, तुमले ठाऊक नही का?"

ओला कापूस बांधून ठेवला तर आतून तापतो आणि सडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पितांबर जेवता जेवता उठला आणि हात न धुता मांडवात जाऊन बसला. बापाची रीत चुकीची नव्हती. ती उघड्या लाकडाची रीत होती, आणि त्याने ती कातडं चढवायच्या लाकडाला लावली होती. त्यानंतर दोन वर्षं त्याला एकाही नावेचं काम आलं नाही. तो खाटा दुरुस्त करायचा, बैलगाडीच्या जुन्या जुवांना ठिगळं लावायचा. मला त्याची कीव यायची आणि कीव आली की मी जास्तच टोचून बोलायचो. माझा स्वभावच तसा आहे.

गेल्या फेब्रुवारीत धनसिंग आला. धडगावच्याही पलीकडे, सातपुड्याच्या उतारावर, नर्मदेच्या धरणाचं पाणी जिथे दरीत शिरलंय तिथे त्याचा पाडा. पावरा समाजाचा, आश्रमशाळेत शिकलेला, म्हणून आमच्याशी शाळेतल्या मराठीत बोलायचा. पाड्यावरून बाजाराला, दवाखान्याला जायचं तर पाण्यावरूनच. त्याची सून रंजिता आशा कार्यकर्ती. लसींचा डबा घेऊन पलीकडच्या तीन पाड्यांवर जायचं तिचं काम, आणि नाव नसल्यामुळे ती दोन डोंगर चढून-उतरून जात होती. एक संस्था नाव द्यायला तयार होती, पण कसली नाव ते पाड्याने ठरवायचं होतं.

"आबा, तुम्ही येऊन पाणी बघा," धनसिंग पितांबरला म्हणाला. "मग सांगा कसली पाहिजे."

मी लगेच म्हटलं, मीही येतो. खोटं कशाला बोलू, मला ते काम हवं होतं. निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवत होते. अठरा फुटी पत्र्याची नाव, पोटात दोन हवाबंद पेट्या, नकाशा माझ्या डोक्यात तयार होता. जीपमध्ये सगळा रस्ताभर मी लोखंडाचं गुणगान केलं. पितांबर खिडकीबाहेर बघत होता.

पाड्यापासून पाण्यापर्यंत उतरायला पाऊण तास लागला. दिवाळीत पाणी कुठपर्यंत होतं त्याची रेघ खडकावर दिसत होती, आणि आता ते चार पुरुष उंचीने खाली गेलं होतं. मेपर्यंत आणखी उतरणार होतं. पाण्यात बुडालेल्या जंगलाची खोडं वर डोकावत होती, काही नुसती पाण्याखाली दिसत होती. इथे आपटल्याशिवाय नाव चालणारच नाही, हे मला दिसलं आणि मी खूश झालो. म्हटलं, बघ, इथे पोलादच पाहिजे.

धनसिंग आम्हाला एका कपारीकडे घेऊन गेला. तिथे एक पत्र्याची नाव उलटी पडली होती. कुणीतरी पूर्वी दिलेली. चांगली जाड पत्र्याची, वेल्डिंगही ठीक होतं. मी वाकून पाहिलं. बाजूंना खोडांचे पोचे होते, पण एकही फुटलेला नव्हता. गेली होती ती तळातून. पावसाचं पाणी आत साचून राहिलं होतं आणि गंजाने तळाला वीतभर चाळण झाली होती.

"हे तर एका तासाचं काम," मी म्हटलं. "पॅच मारला की झालं."

धनसिंगची आई दगूबाई तिथेच काठी टेकून उभी होती. ती पावरीत काहीतरी बोलली. धनसिंगने सांगितलं, "आई विचारते, तो पॅच इथे कोण मारणार?"

पाड्यावर वीज येते-जाते, वेल्डिंगचा भार तिला झेपत नाही. नाव रस्त्यापर्यंत न्यायची तर चढ हा असा उभा. सोळा माणसांनी एकदा प्रयत्न केला होता, निम्म्यात एकाचा पाय मोडला. तेव्हापासून ती कपारीत पडून होती. मी अॅल्युमिनियमचं नाव काढलं, हलकं असतं, गंजत नाही. पण ते जोडायला वेगळा गॅस लागतो, आणि तो तर शहाद्यातही सहज मिळत नाही. बोलता बोलता माझंच मला कळलं. तेवीस वर्षं पोरांना जोड कसा मारायचा ते शिकवलं. जोड मारायला माणूस पोहोचेल का, हे एकदाही शिकवलं नव्हतं. त्या उतारावर मला स्वतःची लाज वाटली.

पितांबर मात्र खडकावरची पाण्याची रेघ न्याहाळत होता. मग धनसिंगला म्हणाला, "नुसती लाकडनी नाव आठे चालाव नही. उन्हायामा पानी उतरस, नाव दोन महिना दगडवर पडी ऱ्हाई, फयांना सांधा उघडा पडतीन." उन्हाने फळ्यांचे सांधे उघडतील, हे सांगून त्याने पुढचं सांगितलं. इथे आत लाकूड आणि वरून फायबर, अशीच नाव पाहिजे. हलकी असल्याने आठ माणसं उचलतील. खोडावर आपटून कातडं तडकलं तर कापडाचा तुकडा आणि डबाभर रेझिन, उन्हात तासाभरात ठिगळ बसतं. वीज लागत नाही, बाहेरचा माणूस लागत नाही.

मग त्याने ईश्वरच्या नावेची सगळी हकिगत सांगितली. कुणी विचारलं नव्हतं. आपण ओल्या लाकडावर कातडं चढवलं, आणि एक माणूस मरता मरता वाचला, असं सरळ सांगितलं.

धनसिंग म्हणाला, "आम्हाला माहीत आहे, आबा. बाजारात ऐकलं होतं." पुरुष आपसात बोलले. दगूबाई बोलली. शेवटी धनसिंगने निरोप दिला, "तुम्ही बांधा. बसायचं की नाही, ते नाव आल्यावर पाडा ठरवील."

परतीच्या वाटेवर मी चिडलो. एवढी मेहनत करायची आणि तिथे कोणी बसलंच नाही तर? पितांबर म्हणाला, "बरोबर शे त्यासनं." आणि कित्येक दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं.

त्याच्या माळ्यावर तीन वर्षं वाळत पडलेलं सागवान होतं. त्याने प्रत्येक फळीचा एकेक वीतभर तुकडा कापला आणि दर सोमवारी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणू लागला. वजन खडूने फळीवर लिहायचा. सलग तीन आठवडे वजन उतरलं नाही तरच फळी कोरडी. गिऱ्हाईकं खोळंबायची, दुकानदार करवादायचा, हा तुकडे तोलत राहायचा. दोन फळ्यांचं वजन मार्चअखेरपर्यंत उतरत होतं, त्या त्याने बाजूला टाकल्या. मी म्हटलं, दिसायला तर सारख्याच आहेत. तो म्हणाला, ईश्वरची नावही दिसायला सारखीच होती.

उरलेल्या फळ्यांची नाव जोडून एप्रिलच्या उन्हात त्याने तिच्यावर कातडं चढवलं. सकाळी दव सुकल्याशिवाय डबा उघडायचा नाही. घाम फळीवर पडू नये म्हणून डोक्याला आणि मनगटांना फडकी बांधायची. मला त्याने एकच काम दिलं, नावेच्या कण्याखाली बसवायला पोलादी पट्टी, दगडावरून ओढताना झिजायला. मी ती अशी वाकवली आणि घासली की आयटीआयच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर दिले असते.

नाव तयार झाली तेव्हा भोईवाड्यातली म्हातारी मंडळी आली. नाव भिजवली नाही म्हणून त्यांनी पितांबरला चांगलंच फैलावर घेतलं. न भिजवलेली नाव पाण्याला परकी असते, माणूस गिळते, असं म्हणाले. पितांबर ऐकून घेत होता. गजराबाईने तांब्याभर पाणी आणलं, नावेच्या कातड्यावरून ओतलं, हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "व्हयनं भिजाडनं." भिजवणं असं उरकलेलं बघून म्हातारे कुरकुरत गेले.

पण नाव लगेच द्यायची नव्हती. एक पावसाळा पाण्यात काढल्याशिवाय हातातून सोडणार नाही, असं पितांबरने ठरवलं होतं. संस्थेच्या माणसांचे फोन आले. पाडा थांबायला तयार आहे, तुम्हीही थांबा, असं त्याने सांगितलं. प्रश्न एवढाच होता की चार महिने ती चालवणार कोण. पितांबरला गुडघ्यामुळे वल्ही मारवत नव्हती.

मृगाचा पाऊस झाला आणि एका सकाळी ईश्वर मांडवात येऊन उभा राहिला. नावेभोवती दोनदा फिरला. आत बसून तळावर टाचा आपटल्या.

"आबा, मी चालाडसू," तो म्हणाला.

पितांबर उठून उभा राहिला. मीच म्हटलं, अरे, घरी विचारलंस का? ईश्वर म्हणाला, बायकोनेच पाठवलंय. जून ते ऑक्टोबर त्याने ती नाव पुरातून, वाळूवरून, बॅरेजच्या भिंतीशेजारून हाणली. दोनदा मुद्दाम दगडावर घातली. एकदा कातडं तडकलं, ते दोघांनी मिळून काठावरच सांधलं. त्या चार महिन्यांत पितांबर रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसायचा, आणि नाव दिसेपर्यंत तिथून उठायचा नाही.

दिवाळी झाल्यावर नाव टेम्पोत घालून आम्ही घाट चढलो. ईश्वरही बरोबर आला. उतारावर आठ माणसांनी ती खांद्यावर घेतली आणि गप्पा मारत खाली नेली. कपारीतली पत्र्याची नाव वाटेत लागली. मी तिकडे पाहिलं नाही.

सगळा पाडा काठावर जमला होता. नाव पाण्यावर ठेवली. सुंदर तरंगत होती. रंजिता लसींचा डबा घेऊन तयार होती. पण पुढे कुणी होईना. ईश्वर आत जाऊन उभा राहिला, उड्या मारून दाखवल्या, चार महिन्यांचं सगळं सांगितलं. माणसं ऐकत होती आणि दगूबाईकडे बघत होती. ती हलली नाही. तिने एकच गोष्ट विचारली, आणि धनसिंगने ती संकोचत सांगितली. "आई म्हणते, तुमची आधीची फायबरची नाव पण वरून चांगलीच होती ना?"

मला राग आला. काय बोलणार होतो देव जाणे. पितांबर तेवढ्यात पाण्यात उतरला होता. त्याने पिशवीतून भोकं पाडायचं गिरमिट काढलं, नावेत वाकला आणि पाण्याच्या रेघेखाली, आतल्या बाजूने, आपल्याच नावेच्या फळीत ते घुसवून फिरवायला लागला.

"अरे, येडा शे का तू?" मी ओरडलो.

तो फिरवत राहिला. फळीच्या निम्म्यापर्यंत गेल्यावर थांबला. भोकातून निघालेला भुसा तळहातावर घेतला आणि काठावर येऊन दगूबाईसमोर धरला. पावरी त्याला येत नव्हती. त्याने नावेकडे बोट दाखवलं. 

दगूबाईने चिमूटभर भुसा घेतला. बोटांनी चोळला. नाकाशी नेला. मग जिभेवर ठेवला. चार महिने पुराच्या पाण्यात राहिलेल्या नावेच्या पोटातलं ते लाकूड होतं. तिने उरलेला भुसा तळहातावर घेऊन फुंकला आणि तो वाऱ्यावर उडून गेला.

ती हसली. दात फारसे नव्हते, पण हसली.

पितांबरने रंजिताला हाक मारली. भोक तिच्याकडूनच बुजवून घेतलं. कोरड्या सागाची खुंटी ठोकायची, कापडाचा तुकडा, रेझिन, बुडबुडा राहू द्यायचा नाही. "दर होळीले आठे भोक पाडीसन देख," त्याने तिला सांगितलं. "भुसा वल्ला निंघना तं कोणी बसानं नही. माले बलावजो." रंजिताने ते त्याच्या तोंडून दोनदा म्हणवून घेतलं. ठिगळ वाळेपर्यंत बायकांनी भाकरी आणि तुरीच्या शेंगा आणल्या.

दगूबाई सगळ्यांत आधी नावेत बसली. मग रंजिता आणि तिचा डबा, मग दोन बाया, धनसिंग. ईश्वरने वल्ही हातात घेतली. पितांबर काठावर हात जोडून उभा होता, आणि नाव सुटणार तोच दगूबाईने वल्ह्यावर हात ठेवला. काठाकडे बघून ती काहीतरी कडक बोलली.

धनसिंग म्हणाला, "आई म्हणते, बांधणारा काठावर राहणार असेल तर मीही उतरते."

पितांबर माझ्याकडे बघायला लागला. त्याचे डोळे भरले होते, आणि माझेही, हे मी कबूल करतो. "बठ ना, काय देखी ऱ्हायना?" मी म्हटलं. दगूबाईने सरकून आपल्याशेजारी जागा केली, आणि तो जाऊन तिथे बसला.